शेजारची चूल

आमच्या घरी गॅस आला तो काळ्यापिवळ्या जीपच्या टपावरून, आणि बाबांनी लगेच त्याच्यावर क्रोशाचा रुमाल पांघरला. बाबा पुसेगावात मास्तर. गावात गॅसवाली घरं मोजकीच. शेगडी बैठकीतून दिसेल अशी ओट्यावर मांडली गेली आणि फर्मान सुटलं, "गॅस पाहुण्यांसाठी. रोजचं चुलीवर."

आई मागच्या खोलीत चुलीतल्या कापसाच्या पऱ्हाट्या फुंकत बसायची. डोळे लालभडक, खोकला असा की बोलणं अर्ध्यात तुटायचं. डॉक्टरांनी तिला धुरापासून लांब राहायला सांगितलं. बाबांनी सल्ला मनावर घेतला, पण स्वतःच्या नाकापुरता. घराला धुराचा वास येतो, लोक काय म्हणतील, एवढीच त्यांना काळजी! मग कापूर जाळला, उदबत्त्यांचे पुडे संपवले, पडद्यांवर गुलाबपाणी मारलं. धूर घालवायला आणखी धूर. बुद्धाच्या तसबिरीवरची काजळी ते दर रविवारी पुसायचे, पण ती येते कुठून हे काही त्यांना दिसलं नाही. मला त्यांचा भयंकर राग यायचा.

एकदा शाळा तपासायला आलेले साहेब बायकोसह दुपारी जेवायला आले. वरण-भात गॅसवर झाला. भाकऱ्या मात्र मागे चुलीवरच, कारण गॅस पुरवायचा होता. पहिला घास घेतानाच साहेबांच्या बाईंनी नाक मुरडलं. "धुराचा वास येतोय का हो?"

बाबांची पापणीही हलली नाही. "शेजारचा आहे. आमच्याकडं सगळं गॅसवरच असतं."

आई भाकऱ्या घेऊन दारातच उभी होती. तिनं टोपली खाली ठेवली, पाण्याची कळशी उचलली आणि मागे गेली. चर्र आवाज झाला. पाठोपाठ ओल्या राखेचा असा लोट बैठकीत शिरला की साहेब आणि बाई ताटावरून उठून अंगणात पळाले. बाबा खोकत होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

पदरानं डोळे पुसत आई बाहेर आली.

"शेजारची चूल इझवून आले," ती बाईंना म्हणाली. "लई तकलीफ व्हती तिची. आता न्हाई यायचा वास."

संध्याकाळी भाकऱ्या गॅसवर झाल्या. गरम तवा उतरवायला आईनं क्रोशाचा रुमाल घेतला. बाबा बघत होते.