बाटलीमावशी

बाटलीमावशींनी दुकानात कधी कुठल्या बाटलीचं तोंड पाहिलं नाही. फळीवरून उचललेली बाटली त्यांच्या हातात येता येताच फिरलेली असे. पुढच्या बाजूला हिरवीगार पानं असोत, पळणारी सडसडीत मुलगी असो, नाहीतर 'हृदयासाठी उत्तम' अशी सोनेरी अक्षरं असोत, त्यांना त्याच्याशी घेणंदेणं नव्हतं. चष्मा कपाळावर सरकवायचा, बाटली नाकाजवळ आणायची आणि मागचा आकड्यांचा तक्ता वाचायचा. "अक्षरं विकायला बसलेली असतात," त्या म्हणायच्या. "आकडे कुणाचे नोकर नसतात."

इरा, परवा व्हिडिओ कॉलवर तू विचारलंस, "त्या समोरच्या आजी कशा आहेत?" मी "बऱ्या आहेत" म्हटलं आणि विषय बदलला. दोन शब्दांत सांगण्यासारखं ते नव्हतं. म्हणून आज सावकाश लिहिते आहे. तुझ्या धाकट्या भावाला, निहालला, मराठी वाचता येत नसेल तर तू वाचून दाखव.

तू इकडे आली होतीस त्या सुट्टीत सॅलडवर घालायच्या रँच ड्रेसिंगची पांढरी बाटली घेऊन फ्राईज खात बसली होतीस आणि मावशी आल्या, ते आठवतं? त्यांनी बाटली फिरवली आणि तुला म्हणाल्या, "एका वाढणीचे आकडे इथे दिलेत. आता तुझी एक वाढणी केवढी, ते बशीत ओतून दाखव." तू ओतलंस. त्यांनी चमच्याने मोजलं. "ह्या झाल्या तुझ्या तीन वाढण्या. म्हणजे सगळा तक्ता तिनाने गुणायचा." तू माझ्या कानात म्हणालीस, "आजी, ह्या परीक्षा घेतात का?" घ्यायच्या. निवृत्त होईपर्यंत कोपरखैरण्याच्या शाळेत त्या गणित शिकवत होत्या, आणि निवृत्तीनंतर तपासायला उत्तरपत्रिका उरल्या नाहीत, म्हणून बाटल्या तपासू लागल्या.

'बाटलीमावशी' हे नाव सोसायटीने ठेवलं आणि त्याचा सगळ्यात जास्त आनंद त्यांच्या नवऱ्याला, अण्णांना झाला. अण्णा साताऱ्याकडचे. तुर्भ्याच्या मार्केटात त्यांचा कांदा-बटाट्याचा गाळा होता. जिन्यात कुणी भेटलं की सांगायचे, "मी जल्मात बाटलीला शिवलो न्हाई, आन् बायकू बगा कशी निघाली!" मावशी आतून ओरडायच्या, "अहो, दार लावा, वारं येतंय."

ही चेष्टा बाहेर चालायची. आत गोष्ट वेगळी होती. अण्णांची किडनी निकामी होत चालली होती. डॉक्टरांनी मीठ जवळजवळ बंद केलं होतं आणि सांगितलं होतं, "सांभाळलंत तर डायलिसिस लांबवता येईल." मावशींनी त्या एका वाक्याभोवती सगळं घर फिरवलं. लोणच्याची बरणी माझ्याकडे आली, पापड वॉचमनला गेले, मिठाचा डबा घासून त्यात तीळ भरले. पण ज्या माणसाने जन्मभर खर्डा आणि भाकरी खाल्ली, त्याला अळणी आमटी गिळेना. अण्णा दोन घास खाऊन ताट सारायचे. रोड होत चालले होते, आणि पाय मात्र सुजलेले. ताट सारल्याचा आवाज आमच्या स्वयंपाकघरात ऐकू यायचा.

ड्रेसिंगचा शोध इथून सुरू झाला. कुठल्याशा कार्यक्रमात मावशींनी पाहिलं की काकडी-गाजरावर थोडं आंबटगोड ड्रेसिंग घातलं की मिठाची आठवण होत नाही. मग वाशीच्या मॉलमधली ती फळी हा त्यांचा वर्ग झाला. मी बरोबर असायचे. थाउजंड आयलंडमध्ये साखर किती, सीझरमध्ये तेल किती, हनी मस्टर्ड मधाच्या नावावर काय काय खपवतं, हे त्या बाटल्या शेजारी शेजारी ठेवून बघायच्या. एक वाढणी कुणी मोठी धरतं, कुणी छोटी, म्हणून सगळं आधी शंभर ग्रॅमवर आणायच्या आणि मगच तुलना. 'लो फॅट' लिहिलेल्या बाटलीत साखर आणि मीठ दोन्ही जास्त निघालं, तेव्हा त्यांचा चेहरा परीक्षेत कॉपी पकडल्यासारखा झाला. "बघा, तेल काढून घेतलं आणि मागच्या दाराने हे आत सोडलं."

त्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांनी वाण म्हणून काय द्यावं? टेबलावर वाट्या मांडल्या आणि प्रत्येक ड्रेसिंगच्या बाटलीपुढे तिच्यात असेल तेवढी साखर आणि माझ्याकडून आणलेलं तेवढंच मीठ मोजून ओतून ठेवलं. पहिल्या मजल्यावरच्या पाटीलकाकू, इथल्याच गावठाणातल्या, कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "अगो बाय, आमी हलदीकुंकवाला आलाव का लॅबोरेटरीन?" सगळ्या हसल्या. मग प्रत्येकीने हळूच विचारून घेतलं की आमच्याकडे जी आहे ती कितव्या नंबरावर.

पहिल्या नंबरावर मावशींनी शेवटी एक बाटली आणलीच. लिंबाचं आणि हर्ब्सचं ड्रेसिंग. तेल बेताचं, साखर नाममात्र, सोडियम इतरांच्या मानाने काहीच नाही. आणि चव मात्र खारट. मला ते चमत्कारिक वाटलं. मी म्हटलं, "मीठ नाही तर खारट कसं लागतं हो?" "लिंबू," त्या म्हणाल्या. "आंबटाने जीभ फसते." पोटॅशियमचंही त्यांच्या डोक्यात होतं. किडनीच्या माणसाला ते वाढू द्यायचं नसतं, म्हणून केळं आणि नारळपाणी घरातून आधीच गेलं होतं. त्यांनी तक्त्यावरून बोट फिरवलं, वरून खाली, पुन्हा खालून वर. पोटॅशियमचा रकानाच नव्हता. "नाही," त्या समाधानाने म्हणाल्या, आणि बाटल्या पिशवीत टाकल्या.

अण्णा जेवू लागले. आधी सॅलडवर, मग भातावर, मग आमटीत, सगळीकडे ते ड्रेसिंग. काकडी-टोमॅटो-पालकाचं मोठं ताट ते संपवायचे आणि वाटी पुसून घ्यायचे. काही आठवड्यांत पायांची सूज उतरली. जुन्या चपला पायात शिरायला लागल्या, तशा त्या घालून अण्णा सगळ्या मजल्यांवर दाखवून आले. मावशींनी कधी स्वतःची स्तुती केली नाही, पण त्या दिवसांत जिन्यातून त्या मापून टाकल्यासारख्या ठाम पावलांनी चालत. सोसायटीत घरोघरी तीच बाटली गेली. ज्यांना प्रेशर, त्यांना तर मावशींनी स्वतः आणून दिली.

मग अण्णांचं चालणं बदललं. सूज नव्हती, तरी पाय घसटत यायचे. लिफ्टच्या दारात ते भिंतीला हात लावून उभे राहायचे. एकदा माझ्याकडे चहा घेताना त्यांच्या हातून कप सुटला. तो घसरला नव्हता. बोटांनीच तो सोडून दिला होता. अण्णा बोटांकडे बघत राहिले. "मुंग्या आल्यात जनू," ते म्हणाले. मावशी म्हणाल्या, "अशक्तपणा आहे. इतके महिने जेवला नाहीत, तो भरून निघायला वेळ लागेल." आणि त्या संध्याकाळी त्यांनी सॅलडचं ताट आणखी मोठं केलं.

एका सकाळी मावशींनी आमचं दार वाजवलं. बेल नाही, हाताने. अण्णा बाथरूमच्या उंबऱ्याशी बसले होते आणि त्यांना उठता येत नव्हतं. शुद्धीवर होते. मी नाडी धरली, आणि पुढचा ठोका येईपर्यंत मला माझा श्वास धरून ठेवावा लागला. रिक्षात त्यांचं डोकं मावशींच्या खांद्यावर होतं. मावशींच्या दुसऱ्या हातात डब्याची पिशवी होती. दुपारच्या जेवणाचं सॅलड त्यांनी तेवढ्यातही भरून घेतलं होतं, आणि बाटली.

हॉस्पिटलमध्ये कार्डिओग्रामचा कागद बाहेर आला तशी सगळी पळापळ झाली. इंजेक्शनं दिली गेली. एक तरुण डॉक्टर बाहेर आली. "पेशंटचं पोटॅशियम खूप वाढलंय. नारळपाणी देताय? लो सोडियम मीठ वगैरे?"

"मीठ आमच्या घरात नाहीच," मावशी म्हणाल्या. आवाज वर्गातला, खणखणीत.

"मग जेवणाला चव कशाची?"

मावशींनी पिशवीतून सॅलडचा डबा आणि बाटली काढली, बाटली सवयीने फिरवली आणि तक्त्यावर बोट ठेवून पुढे केली. "बघा. सोडियम बघा."

डॉक्टरने सोडियम बघितलं. मग तिचं बोट तक्त्याखाली उतरलं, जिथे एकमेकांना चिकटलेली बारीक इंग्रजी अक्षरं होती, घटकांची. तिने सावकाश वाचलं: "पोटॅशियम क्लोराइड." मग म्हणाली, "मावशी, हेही मीठच आहे. सोडियमच्या जागी हे घालतात, म्हणून तो आकडा कमी दिसतो. चांगल्या किडनीच्या माणसाला चालतं. ह्यांना नाही. शिवाय डब्यातला हा कच्चा टोमॅटो, पालक, ह्यांतही पोटॅशियम, आणि ह्यांची प्रेशरची गोळी ते धरून ठेवते. सगळं एकत्र झालं."

"पण तक्त्यात नाही ते."

"प्रत्येक गोष्ट तक्त्यात छापावीच लागते असं नाही."

मावशींनी बाटली परत घेतली आणि तो मजकूर वाचला. त्यांना इंग्रजी उत्तम येत होतं. ओळ संपल्यावर त्या रडतील असं मला वाटलं. त्यांनी माझं मनगट धरलं. "तुम्ही इथे थांबू नका. पाटीलकाकूंकडे जा. त्यांना हीच गोळी आहे. आधी पाटीलकाकू, मग बाकीचे. फोन करू नका, त्या ऐकणार नाहीत. बाटली हातात घ्या."

मी गेले. पाटीलकाकू जेवायला बसल्या होत्या. मी काही न बोलता ताटाशेजारची बाटली उचलली तशा त्या हसायला लागल्या. "काय गो, बॉम हाय काय तिच्यान? कवरी मस्त लागतंय, कोलंबीचे कालवनान पन टाकलाय मीनी!" बोलता बोलता त्या एका हाताने दुसऱ्या हाताची बोटं चोळत होत्या. मी विचारलं, "काय होतंय हाताला?" "काय नाय गो. मुंग्या येतान दोन दिवस." मी त्यांना ताटावरून तसंच उठवून हॉस्पिटलमध्ये नेलं. त्यांच्या रक्तातही वाढलेलं निघालं. औषधं बदलून, पथ्य करून ते खाली आलं. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात. बाकी घरांतूनही मी बाटल्या गोळा केल्या. कुणी विचारलं तर सांगितलं, "मावशींनी परत मागितल्यात." त्यांच्या शब्दावर आलेल्या बाटल्या त्यांच्याच शब्दावर निमूट परत मिळाल्या.

अण्णा त्या दिवसातून वाचले. पण मावशी ज्याच्याशी झुंजत होत्या ते डायलिसिस सुरू झालं. डॉक्टरांनी मावशींना अनेकदा सांगितलं की ह्या किडन्या तशाही जाणारच होत्या. मावशी मान डोलवायच्या. त्यांना पटलं की नाही, हे मला कधी कळलं नाही. एकदा अण्णा खाटेवर पडल्या पडल्या माझ्यासमोर त्यांना म्हणाले, "ते थोडं दिस जेवान लई ग्वाड लागलं बग. तसं परत लागलं न्हाई." त्यांना बायकोला बरं वाटावं असं काहीतरी बोलायचं होतं. मावशी उठून आत गेल्या आणि नळ सोडून उभ्या राहिल्या.

पुढची दिवाळी झाल्यावर अण्णा गेले. मावशी आता करंजाड्याला मुलाकडे राहतात. फोनवर नातवाचा अभ्यास, पाण्याची वेळ, असं बोलतो. खाण्यापिण्याचं त्या बोलत नाहीत.

करंजाड्याला जाण्याआधी मुलासाठी काहीबाही घ्यायला आम्ही एकदा वाशीच्या मॉलमध्ये गेलो होतो. मला ती फळी टाळायची होती, पण मावशीच त्या बाजूने वळल्या. हात पाठीशी बांधलेले. तिथे एक तरुण मुलगी दोन हातांत दोन बाटल्या घेऊन उभी होती. केस पांढरे दिसले की लोक विश्वासाने विचारतात, तसं तिने विचारलं, "आंटी, यातली कुठली हेल्दी आहे?"

मावशींनी बाटल्यांना हात लावला नाही. "घरात कोण खाणार?"

"म्हणजे?"

"वयस्कर कोण आहे? कुणाला कसली गोळी चालू आहे?"

मुलीचा चेहरा बदलला. अनोळखी बाईने घरातल्या आजारपणात नाक खुपसावं, हे तिला आवडलं नाही. "इट्स ओके," ती म्हणाली. एक बाटली तिने फळीवर ठेवली, दुसरी ट्रॉलीत टाकली आणि निघून गेली. कुठली नेली ते मला गर्दीत दिसलं नाही.

मावशींना दिसलं होतं. "अगं, थांब," त्या म्हणाल्या, आणि ट्रॉल्यांच्या मधून वाट काढत तिच्या मागे जाऊ लागल्या. मी तिथेच थांबले. बऱ्याच वेळाने त्या परत आल्या तेव्हा धापा टाकत होत्या. "तीच लिंबाची बाटली घेऊन लिफ्टने गेली," त्या म्हणाल्या. मग एवढंच, "ट्रॉलीत म्हाताऱ्या माणसाची काठी होती हो. नवी, वेष्टनातली."