मोठ्याईचं इंजेक्शन मी बर्फात ठेवलं

थांबा, बाकी सगळं राहू द्या, हे मले आत्ताच सांगायचं आहे! संध्याकाळच्या गाडीनं मोठ्याई येईल, आन् ती समोर आली की माह्या तोंडातून शब्द निघत नाही.

मोठ्याई म्हणजे माह्या मोठ्या बाबाची, बाबाच्या मोठ्या भावाची बायको. आमचं गाव जानेफळ. वावरात काकडी-मेथी तिच्याच हातची, आन् बाजाराच्या दिवशी विकायले बसते तीच. तिले कॅन्सर आहे. दर काही आठवड्यांनी बुलडाण्याले सलाईनमधून औषध चढवा लागते. आज ती त्याच्यासाठीच गेली. मले नेलं नाही. इंजेक्शनचा डबा स्वतःच्या मांडीवर घेऊन गेली.

काऊन नेलं नाही, ते ऐका.

ते औषध म्हणजे लय वेगळं आहे. चरबीचे बारके बारके फुगे, इतके बारके की डोळ्याले दिसतच नाही, त्याच्यात औषध भरलेलं. फुगे गाठीपर्यंत जातात आन् मग औषध सोडतात, म्हणून काळजाले त्रास कमी होते. पण ते फ्रिजमध्ये ठेवा लागते, आन् गोठू द्यायचं नाही. दोन्ही गोष्टी खोक्यावर लिहून होत्या. मी दोन्ही वाचल्या. ध्यानात एकच ठेवली.

मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाले. घरात सायन्सवाली मी एकटीच, म्हणून मागं एकदा अकोल्याहून औषध आणायचं काम मी भांडून मागून घेतलं होतं. आणलंही बरोबर, दुकानवाल्यानं थर्माकोलच्या डब्यात दिलं होतं तसंच. घरी येऊन फ्रिजमध्ये ठेवलं आन् लाइट गेली. दोन तास आलीच नाही. लाइट आल्याबरोबर मी ते खोकं उचललं आन् वरच्या बर्फाच्या कप्प्यात कोंबलं. जितकं थंड तितकं चांगलं ना!

मोठ्याई तिथंच मेथीच्या जुड्या बांधत बसली होती. म्हणे, "बर्फाले टेकून नको ठेवू व पोरी. काकडीवानी होईल."

एका लग्नाची काकडी तिनं कधीकाळी बर्फात दाबून पाठवली होती. वरून हिरवीगार, आन् दाबली तं नुसतं पाणी. तवापासून बर्फ आन् काकडीच्या मधात ओलं बारदान टाकल्याशिवाय ती माल पाठवतच नाही.

"मोठ्याई, ही काय काकडी आहे काय? हे सायन्स आहे!"

"हाव बाप्पा," ती हासली, "तू शिकलेली, मी आपली भाजीवाली."

सकाळी पाह्यलं तं बाटलीतलं औषध गोटा झालेलं. मी ओढणीत गुंडाळून, काखेत धरून, फुंकून फुंकून वितळवलं. वितळलं तं पह्यल्यासारखंच लाल. मी मनातल्या मनात म्हणलं, झालं, काही फरक नाही. आन् कोणाले काही न सांगता मोठ्याईसोबत गाडीत बसली.

बुलडाण्याच्या दवाखान्यात सिस्टरनं बाटली हातात घेतली. "फ्रिजमध्येच होती ना? गोठली नव्हती ना?"

"नाही." मी इतक्या लवकर बोलली की सिस्टरचं विचारणं पुरं व्हायचं होतं.

मोठ्याई पलंगावर पडली होती, बाही वर करून. हात तसाच ठेवून म्हणे, "गोठली होती बाई. पोरीनं सकाळी वितळवली. मी पाह्यलं."

सिस्टरनं बाटली बाजूले ठेवली, डॉक्टरले बोलावलं. ते रागावले नाही. म्हणे, पाणी गोठलं की त्याच्या सुया होतात, त्या फुग्यांची कातडी फाडतात, औषध बाहेर सांडते. दिसायले तेच दिसते, पण आता देता येत नाही.

मोठ्याईनं माह्याकडे पाह्यलं. "काकडी," एवढंच म्हणाली.

दुसरी बाटली यायले आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत ती मेथी निवडता निवडता मधातच थांबे आन् काखेखालची गाठ दाबून पाहे, कोणी पाहून नाही राह्यलं असं वाटलं की. आठ दिवसानं काही बिघडत नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी त्यायले तीनदा विचारलं.

त्या दिवशी परत येताना गाडीत मी म्हणलं, "मोठ्याई, बर्फाचं चुकलंच माहं."

"बर्फाचं काय घेऊन बसली व? बर्फात मीही काकडी घातली होती." मग म्हणे, "मले वाटलं तू सांगशील. सकाळपासून वाटच पाहून राह्यली होती मी."

तवापासून दोनदा औषध झालं, आज तिसऱ्यांदा. ती माह्याशी बोलते, हासते, "सायन्सवाली, चहा ठेव व" म्हणून चिडवतेही. पण डबा माह्या हातात देत नाही. आज मी विचारलं, "मी येऊ?" म्हणे, "नको व, तू अभ्यास कर." आन् डब्यात बर्फाची पिशवी आन् खोक्याच्या मधात जुन्या लुगड्याची घडी ठेवली, माह्यासमोर.

बर्फासाठी मी माफी मागितली. त्या "नाही"साठी अजून नाही मागितली.

गाडी यायले तासभर आहे. तुमच्यासोबत झालं काय असं कधी? ज्याच्या जीवाचं काम होतं त्याच्यासमोरच खोटं बोलले, आन् त्याले सगळं माहीत होतं? मग तोंड उघडलं तवा पह्यला शब्द कोणता निघाला तुमचा?