बादलीचं लाल झाकण

माझ्या थोरल्या जाऊबाई प्रत्येक कामावर बादलीचं लाल झाकण विसरून येतात, अशी त्यांची घरात ख्याती होती. तिसऱ्या दिवशी पुन्हा उठून ते आणायला जायच्या. दुसऱ्यांच्या फरशा घासता घासता स्वतःचं डोकंही धुऊन कोरं केलंय, असं मी त्यांना एकदा तोंडावर म्हटलं होतं. त्या नुसत्या हसल्या.

टाइल्स आणि टाइल्समधले सांधे साफ करायची कामं त्या घेतात, आणि तीन वर्षांपासून मी त्यांच्या हाताखाली आहे. त्या ब्रश घ्यायला गेल्या की दुकानदाराच्या कपाळाला आठ्या. केस तळहातावर दाबून बघणार, वाकवून सोडणार, पुन्हा सरळ होतात का ते पाहणार. फार कडक असला तर सांधा खरवडतो, फार मऊ असला तर मळ जागचा हलत नाही. ॲसिडचा ब्रश वेगळा, साबणाचा वेगळा, दांड्यांना दोन रंगांच्या चिकटपट्ट्या. काम संपलं की फरशी धुवायच्या मशीनची टाकी रिकामी करायची, पाइप टांगायचा, ब्रश धुऊन केस खाली करून वाळत ठेवायचे. आणि पुढच्या कामाला निघण्याआधी जुन्या स्पीकरमधला वाटीएवढा लोहचुंबक प्रत्येक ब्रशातून फिरवायचा. पोटच्या पोरीचे केस कुणी इतक्या निगुतीनं विंचरले नसतील. मला त्याचा भयंकर कंटाळा.

त्या शुक्रवारी दातांच्या डॉक्टरबाईंचा नवा दवाखाना साफ करायचा होता. पांढऱ्या टाइल्स, पांढरेच सांधे, सोमवारी उघडणार. निघताना जाऊबाईंनी विचारलं, "चुंबक फिरवलास ना गं?"

"हो, झालंय सगळं. चला आता, उशीर होतोय."

फिरवला नव्हता. चुंबक कुठे आहे हेही मला ठाऊक नव्हतं.

शनिवारी सकाळी फ्रिज उघडायला गेले, तर लेकीच्या शाळेचं वेळापत्रक त्याच चुंबकाखाली. मीच लावलं होतं. हसू आलं, पण दुसऱ्याच क्षणी गुरुवार आठवला. गुरुवारी मी मागच्या खिडकीचे गज तारेच्या ब्रशनं घासले होते. तुटलेल्या तारांची, गंजाची भुकटी झाडायला हाताला लागला तो ब्रश घेतला होता. धावत मागे गेले. गजांखाली पडलेली भुकटी तशीच होती. झाडायला घेतलेला ब्रश जाऊबाईंचा होता, आणि काल दवाखानाभर तोच फिरला होता.

त्या चहा घेत होत्या. मी दारातूनच बोलले, थांबले असते तर माझ्यानं बोलवलं नसतं.

"वहिनी, मी खोटं बोलले. चुंबक फिरवला नव्हता. आणि त्या ब्रशात तारांचे तुकडे होते."

त्यांनी कप खाली ठेवला. त्या ओरडतील म्हणून मी वाट बघत राहिले. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तो गंज तिसऱ्या दिवशी वर येतो," त्या म्हणाल्या. "मी ठेकेदाराकडे होते तेव्हा त्यानं तारेचा ब्रश दिला. सांगितलं तसं घासलं. तिसऱ्या दिवशी अख्खा हॉल पिवळ्या ठिपक्यांनी भरला. नाव माझं खराब झालं. दोन वर्षं कुणी दारात उभं केलं नाही. तेव्हा चूक माझी नव्हती गं. आज आहे."

तेव्हा मला झाकणाचा उलगडा झाला. पुन्हा जाऊन फरशी बघायचं ते निमित्त होतं. इतकी वर्षं आम्ही कशाला हसत होतो, याची लाज वाटली.

लोखंडाचा कण असेल तिथे गंज उतरावा म्हणून दवाखान्यात आम्ही सांध्यांवर ओली पांढरी फडकी अंथरली आणि तासभर भिंतीला टेकून बसलो. जाऊबाई एकदाही फडक्याकडे बघेनात. घड्याळाचा काटा पुढे सरकतच नव्हता. फडकी उचलली, तर अकरा पिवळे ठिपके.

तेवढ्यात डॉक्टरबाई आल्या. आता या काहीतरी सबब सांगतील असं मला वाटलं, खरं तर तशी आशाच होती.

"आमच्याकडून चूक झालीय," जाऊबाई म्हणाल्या. "ब्रश न तपासता वापरला. आजचा दिवस द्या."

डॉक्टरबाई फडक्याकडे बघत राहिल्या. "सोमवारी नऊला पहिला पेशंट आहे."

"त्याआधी होईल."

'आमच्याकडून' म्हणाल्या त्या. माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही.

भिंग, सुई आणि चुंबक घेऊन आम्ही दोघी गुडघ्यांवर उतरलो. एकेक सांधा, एकेक कण. संध्याकाळपर्यंत कंबर धरली. दोन सांध्यांतला डाग निघेना, ते खरवडून नव्यानं भरले. निघताना लाल झाकण दारामागे राहिलं. मी बघितलं, बोलले नाही.

मंगळवारी झाकण आणायचं होतं, तर जाऊबाई उंबऱ्यावर बसून राहिल्या. "तू जा. माझ्यानं बघवायचं नाही."

दवाखान्यात पेशंट बसले होते. मी चपलेचा पट्टा लावायच्या निमित्तानं वाकले, मग दुसऱ्या चपलेचा. स्वागतकक्षातली मुलगी झाकण देत हसली. "तुमच्या जाऊबाई फारच विसरभोळ्या आहेत हो!"

"हो ना," मी म्हणाले आणि झाकण घेऊन निघाले.

घरी त्या तशाच उंबऱ्यावर होत्या. माझं तोंड बघत राहिल्या.

"पांढरे आहेत, वहिनी. सगळेच्या सगळे."

त्यांनी पदरानं डोळे पुसले. "वाढ मग. शनिवारपासून घास उतरत नाहीये."

त्या आठवड्यात पुढचं काम निघालं. मी प्रत्येक ब्रशातून दोनदा चुंबक फिरवला. काम संपल्यावर जाऊबाई पाइप गुंडाळत होत्या, तोवर झाकण मीच दारामागे नेऊन ठेवलं.