तीन नंबरच्या मशीनचा ळ

विमलताई डोर्लीकरांची आणि माझी पहिली भेट नागपूरच्या सदर भागातल्या त्यांच्या टायपिंगच्या वर्गात झाली. मी नोकरी मागायला गेले होते. ताईंनी अर्ज वाचलाच नाही. मशीनवर कागद चढवला आणि टाईप करायला सांगितलं. पान पाहून म्हणाल्या, "हात चांगला हाय. उद्यापासून ये." माझी मुलगी दीड वर्षाची होती, तिला ठेवायला कुणी नव्हतं. ती वर्षभर त्या वर्गात बाकाखाली गोधडीवर झोपली, आणि टकटक थांबली की जागी व्हायची. ताई मूळच्या भिवापूरच्या, त्यामुळे जिभेला तिथल्या मिरचीचा ठसका आहेच, पण पोरीला गोधडी त्यांनीच घरून आणली होती.

वर्ग सुटला की त्याच खोलीत पक्ष भरतो, हे मला बऱ्याच दिवसांनी कळलं. नव्या वाचकांसाठी सांगते, मोठ्या डाव्या पक्षातून काही मंडळी फुटली आणि त्यांच्यातूनही पुन्हा जे फुटले ते आम्ही. क्रांती आधी शेतात होणार की कारखान्यात, यावर ते भांडण झालं. आमची नागपूर शाखा ऐन भरात असतानाही एका सतरंजीवर मावायची. खापरखेड्याचे काही वीज कामगार, दोन शिक्षक, ताई आणि नंतर मी.

आणीबाणी लागली, तेव्हा दोन्ही शिक्षक लगेच पकडले गेले. पत्रकं काढायचं काम ताईंवर आलं. मराठीची मशीन वर्गात एकच, तीन नंबरची, आणि तिचा ळ मोडका. खालची गाठ तुटलेली, शिवाय अक्षर ओळीच्या जरा खाली पडायचं. पोलीस गावातल्या टायपिंगच्या वर्गांमधून नमुने गोळा करू लागल्याचं कानावर आलं. त्याच दिवशी ताईंनी नियम केला, पत्रकात ळ नको.

म्हणजे 'वेळ' गेली, 'जवळ' गेलं आणि 'चळवळ'ही गेली. चळवळ हा शब्द नसलेला पक्ष कसला, असं एका कामगारानं विचारलं. ताई म्हणाल्या, "आपले लोक चयवयच म्हणतात ना? तोंडात ळ नाही, तं कागदावर कायले पाहिजे?" आम्ही 'लढा' लिहू लागलो, 'जवळ'च्या जागी 'पाशी' आलं. मला मात्र जेवताना, पोरीला निजवताना सगळीकडे ळ दिसायचे. रस्त्यावर जीप थांबली की मी मशीनमधला कागद ओढून काढायची.

ताई तापानं पडल्या होत्या, तेव्हा खापरखेड्याचं एक पत्रक मी एकटीनं टाईप केलं. 'पहिल्या पाळीच्या कामगारांनो.' 'शिफ्ट' लिहायचं ठरलेलं असताना बोटं सवयीनं पुढे गेली. पत्रकं वाटून झाल्यावर माझ्या ध्यानात आलं. ताईंना सांगायला हवं होतं. मला इतकी भीती वाटली की मी सांगितलं नाही.

पाचव्या दिवशी भर दुपारी पोलीस वर्गात आले. अधिकाऱ्यानं तीन नंबरवर एक ओळ काढली, पत्रकाशेजारी धरली आणि हे कुणी टाईप केलं म्हणून विचारत थेट माझ्याकडे पाहिलं. ताई मध्येच म्हणाल्या, "मीच टाईप केलं, साहेब. ह्या पोरीले काहून विचारून राहिले? तिले अजून दहा बोटं बी चालवता येत नाही." त्यानं मला मशीनसमोर बसवलं. वर्गात सगळ्यांत चांगला हात माझा होता. पण त्या दिवशी एक शब्द धड उमटला नाही. मला नाटक करावं लागलंच नाही, भीतीनंच मला वाचवलं. ताईंना नेलं. बाकाखाली पोरगी जागी होऊन रडत होती.

आणीबाणी उठेपर्यंत ताई तुरुंगात होत्या. वर्ग बंद पडला, गुडघे कायमचे गेले. परत आल्यावर पक्षानं त्यांचा सत्कार करायचा, केली चौकशी. 'विमलताईंच्या निष्काळजीपणामुळे मशीन पोलिसांच्या हाती गेली', असा ठराव झाला आणि त्यांना समितीतून काढलं. तो ठराव मीच टाईप केला. मशीन उसनी होती, तिचा ळ चांगला उमटत होता. पोलिसांचं भय सरलं होतं, आता मला आपल्याच माणसांची भीती वाटत होती. तरी जिन्यात मी ताईंना म्हटलं, आत जाऊन खरं सांगते. त्यांनी माझा दंड धरला. "राहू दे वं. उद्या पोलीस पुन्हा आले तं? तुह्या घरी लहान पोर हाय." मी राहू दिलं.

ताईंना साठ वर्षं पूर्ण होताहेत. या गौरवग्रंथासाठी लिहिलेला पक्षाचा इतिहास संपादकांनी तपासायला माझ्याकडे दिला, आणि त्यात ठरावातलं ते वाक्य जसंच्या तसं आहे. माझी पोर आता कॉलेजात जाते. तिच्या आड लपायची सोय राहिली नाही. संपादकांना विनंती आहे की त्या वाक्यात ताईंच्या जागी माझं नाव घालावं. इतकी वर्षं ज्यांच्यासोबत एका सतरंजीवर बसले, ते उद्या उठून दुसरीकडे बसतील, याची मला भीती वाटते.

ताई तर रागावणारच, त्यांना न विचारता लिहिलं म्हणून. माझ्यावर रागवायला त्यांना खूप खूप वर्षं मिळोत, त्यांचे गुडघे दुखायचे थांबोत, जिभेचा ठसका असाच राहो. त्या बोलतील तेव्हा मी त्यांच्या जवळ बसलेली असेन. 'पाशी' नाही, ताई, जवळ.