बाइंडरच्या घरातली कुजबूज

आमच्या कार्यालयाचे जुने कागद दरवर्षी बांधणीला जातात. ते ज्यांच्याकडे जातात त्यांना आम्ही सगळे नुसते 'बाइंडर' म्हणतो. तेही फोन उचलून तसेच सांगतात, "बाइंडर बोलतोय." दुकान म्हणजे एका व्यापारी इमारतीच्या जिन्याखालची खोली. दारातच पुठ्ठे चिकटवायच्या खळीचा आंबूस वास येतो. आत पुठ्ठ्यांचे ढीग, लोखंडी चाकाचे दाबयंत्र आणि त्या यंत्रामागे ते स्वतः. वर एक पोटमाळा आहे. तिथे चढायला शिडीही आहे, पण तिच्या पायऱ्यांवर नेहमी काहीतरी वाळत घातलेले असते.

माणूस नीटनेटका, वायद्याचा पक्का. मात्र बोलणे इतके हळू की समोरच्याला पुढे वाकावे लागते. आमचा शिपाई म्हणायचा, "यांच्याकडे जाताना एक कान जास्तीचा न्यावा लागतो." मला वाटायचे, स्वभाव असेल. पण तो स्वभाव नव्हता, घरातून लागलेली सवय होती. पुढचे काही मी स्वतः पाहिले, काही त्यांच्या बायकोने सांगितले. त्या दुपारच्या दुकानात येऊन बसतात आणि नवऱ्याच्या वाट्याचेही बोलून घेतात.

त्यांना दोन मुली. थोरली रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला असताना परीक्षेआधी तिची झोप गेली. दिवा चालू, पुस्तक उघडे, पोर जागी. यात काळजी करण्यासारखे काय आहे असे कुणालाही वाटेल, तसे त्यांनाही वाटले. मग ती म्हणू लागली की वर्गातल्या मुली तिच्या मनातले ओळखतात आणि एकमेकींना सांगतात. मग रस्त्यावरची माणसे तिचे नाव घेऊ लागली. एक दिवस पेपर अर्धा टाकून ती घरी आली आणि पलंग आणि भिंत यांच्या फटीत जाऊन बसली. त्यानंतर हॉस्पिटल, गोळ्या, थोडे बरे, पुन्हा हॉस्पिटल. आता तिला घरात राहता येते, बाबांनी आणलेल्या छापील कागदांच्या घड्या घालता येतात. गोळ्यांनी अंग सुटले आहे, हात किंचित कापतो. परंतु ती घालते ती घडी सरळ असते.

घरच्यांनी तिला शेवटची धडधाकट पाहिली ती पुस्तक हातात असताना. त्यामुळे खापर पुस्तकांवर फुटले. बाइंडरांनी तिची सगळी पुस्तके गाठोड्यात बांधली आणि दुकानाच्या पोटमाळ्यावर टाकली. जन्मभर दुसऱ्यांची पुस्तके शिवणाऱ्या माणसाने स्वतःच्या घराला मात्र पुस्तकांची बंदी केली. धाकटीच्या शाळेच्या पुस्तकांना तेवढी सूट होती.

कुजबुजीचेही असेच झाले. घरात शांतता ठेवा, असे पहिल्या डॉक्टरांनी सांगितले होते. म्हणजे भांडणतंटा नको, आरडाओरडा नको. यांनी अर्थ लावला की आवाजच नको. गोळ्या बदलल्या, पाहुणे येणार आहेत, हॉस्पिटलची तारीख जवळ आली, सगळे बोलणे स्वयंपाकघराच्या दाराआड, एकमेकांच्या कानाशी. थोरलीला त्रास होऊ नये एवढाच हेतू.

"आमच्याकडे भांडीसुद्धा कुजबुजतात हो," त्यांची बायको मला म्हणाली होती. "कुकरने शिट्टी दिली की हे त्याच्याकडे डोळे वटारून बघतात."

धाकटी शाळेची शेवटची परीक्षा चांगल्या गुणांनी पास झाली त्या वर्षीची गोष्ट. मी कागदांचे गाठोडे घेऊन दुकानात उभा होतो तेव्हा ती आली.

"बाबा, शनिवारी प्रवेश बंद होतात."

बाइंडर खळ ढवळत राहिले. "दुकानात बसत जा. गिऱ्हाईक सांभाळ. हवं तर कॉम्प्युटर शीक."

"मला केमिस्ट्री शिकायचीय."

"तेच? त्याच कॉलेजात?"

"कॉलेज दुसरं बघा. विषय तोच."

"एकीचं झालं तेवढं पुरे झालं."

"मला काही होत नाहीये, बाबा."

"तिलाही काही होत नव्हतं."

दुकानात आम्ही तिघेच होतो, तरी हे सगळे कुजबुजत चालले होते. धाकटीने माझ्याकडे पाहिले. "काका, तुम्ही तरी सांगा." मी तोंड उघडायच्या आत बाइंडरांनी माझ्या हातातले गाठोडे काढून घेतले आणि पाठ फिरवून ते सोडायला बसले.  त्या पाठीत राग नव्हता. नुसती थकलेली पाठ होती.

हॉस्पिटलात दर गुरुवारी दुपारी घरच्या माणसांसाठी एक वर्ग असतो. बायको कधीपासून मागे लागली होती.

"अहो, एकदा या. मग खुशाल नाही म्हणा."

"या वयात मला कसली शाळा लावतेस?"

"पोरीला नको म्हणता, स्वतःलाही नको म्हणता. मग या घरात शिकायचं तरी कुणी? कुकरने?"

त्या गुरुवारी ते बायकोबरोबर गेले. पटले म्हणून नव्हे, नाही म्हणायचाही कंटाळा आला म्हणून.

वर्ग तळघरातल्या एका खोलीत होता. वेगवेगळ्या विभागांतून गोळा केलेल्या खुर्च्या, एकही दुसरीसारखी नाही. बाइंडर दाराजवळच्या खुर्चीवर बसले, निघायला सोपे जावे म्हणून. वर्ग घेणाऱ्या सिस्टरनी सुरुवातीलाच विचारले, "तुमच्या माणसाला हे कशामुळे झालं, असं तुम्हाला वाटतं? मनात येईल ते सांगा."

एक निवृत्त मुख्याध्यापिका म्हणाल्या, "मी मुलाला फार दटावलं लहानपणी." एका ट्रकचालकाने भावाच्या तापाचे नाव घेतले. एक तरुण बाई म्हणाली, नवऱ्याची नोकरी गेली तिथून सुरू झाले. बाइंडरांची पाळी आली.

"पुस्तकं," ते म्हणाले.

"काय? मोठ्याने, काका."

"पुस्तकं. फार अभ्यास केला तिने."

ट्रकचालक खुर्चीसकट वळला. "काका, आमचा भाऊ पुस्तक दिसलं की रस्ता बदलायचा. मग त्याला कसं झालं?"

खोलीत हसू पसरले. मुख्याध्यापिकाही हसल्या. "माझ्या मुलाने कधी पुस्तक उघडलं असतं तर मी त्याला दटावलंच नसतं."

सिस्टरनी हसणे ओसरू दिले. "हा आजार बहुतेक वेळा तरुणपणी डोकं वर काढतो. त्या वयात जो शिकत असतो त्याचे घरचे अभ्यासाला धरतात. नोकरीत असेल तर साहेबाला धरतात. नवं लग्न झालं असेल तर बायकोला."

"बायकोला काय, लग्न जुनं झालं तरी धरतात," ती तरुण बाई म्हणाली, आणि पुन्हा हशा झाला.

बाइंडर हसले नाहीत. त्यांना एकच विचारायचे होते आणि ते त्यांनी सिस्टरच्या जवळ जाऊन, जवळजवळ कानात विचारले. "धाकटीला होईल का?"

सिस्टरनी खोटा धीर दिला नाही. "होणारच नाही, असं मी म्हणणार नाही. घरात एकाला असलं की भावंडांना धोका थोडा वाढतो. पण बहुतेक भावंडांना होत नाही. तिची झोप सांभाळा, नशापाण्यापासून लांब ठेवा, वागण्यात फरक दिसला तर वाट न बघता घेऊन या. शिक्षण बंद करणं हे त्यावरचं औषध नाही. तसं असतं तर मीच लिहून दिलं असतं." मग त्यांनी विचारले, "काका, तुम्ही घरीही असंच बोलता?"

"थोरलीला त्रास नको म्हणून."

सिस्टरनी एक खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि त्यांना बसवले. मग ट्रकचालकाला आणि मुख्याध्यापिकेला खूण केली. दोघे बाइंडरांच्या पाठीमागे उभे राहून एकमेकांशी कुजबुजू लागले. मध्येच ट्रकचालक फिसकन हसला. बाइंडर आधी नुसते बसून होते. मग त्यांनी कॉलर चाचपली. मग डोक्यामागचे केस. मग शर्ट मागून खाली ओढला. शेवटी त्यांना राहवेना.

"माझ्या पाठीला खळ लागलीय का?"

 ते वळले. ट्रकचालक ओशाळून म्हणाला, "नाही हो काका. मी बाईंना विचारत होतो, घरी जायला बस कुठून मिळते. त्या म्हणाल्या, तुझा ट्रक कुठे गेला?"

"तुम्हाला आजार नाही," सिस्टर म्हणाल्या. "तुम्ही आत्ता उठून घरी जाल. तुमच्या मुलीने कुठे जायचं?"

परतीच्या बसमध्ये ते खिडकीकडे तोंड करून बसले. बायकोला वाटले, चिडले. मग पाठीमागे हात नेऊन चाचपत ते म्हणाले, "शर्टाला खरंच काही नव्हतं ना?"

घरी थोरली टेबलाशी घड्या घालत होती. तिच्या शेजारी घातलेल्या घड्यांचा ढीग इतका उंच झाला होता की पलीकडे बसलेली धाकटी अर्धीच दिसत होती. बाइंडर खोलीच्या मधोमध जाऊन उभे राहिले. आवाज निघाला तो इतका मोठा की धाकटी दचकली.

"धाकटीला कॉलेजात जायचंय. मी नको म्हणतोय. तुझं झालं तसं तिचं होईल, अशी मला भीती वाटते. आम्ही दाराआड हेच बोलत होतो. तुझ्याबद्दल बोलत होतो, हे खरं आहे. तुला उगाच वाटत नव्हतं."

थोरलीने हातातली घडी पूर्ण केली, लाकडी पट्टीने दाबली, ढिगावर ठेवली.

"मग मला ठेवून येणार नव्हता?"

"कुठे?"

"तिथे. कायमचं. तुम्ही म्हणत होता, शनिवारपर्यंत ठरवायला हवं. मध्ये माझं नाव होतं. मला वाटलं, शनिवारी नेणार."

आई पुढे झाली. "अगं, मग विचारायचंस!"

"तुम्ही हळू बोलत होता. म्हणजे मला कळू द्यायचं नव्हतं." तिने ढिगाकडे पाहिले. "म्हणून मी जास्त घड्या घालत होते. कामाच्या माणसाला ठेवून येत नाहीत ना."

 मग धाकटी उठून तिच्याजवळ जाऊन बसली आणि तिने न विचारता एक कागद ओढून घडी घातली. वाकडी. थोरलीने ती उलगडून पुन्हा सरळ घातली.

"हिला जाऊ दे, बाबा," ती म्हणाली. "मला केमिस्ट्री आवडायची. त्याने नाही झालं. झोप येईना म्हणून मी वाचत बसायचे. तुम्ही उलटं धरलंत."

एवढ्या वर्षांत हे तिला कुणी विचारलेच नव्हते. सगळ्यांनी डॉक्टरांना विचारले, नातेवाइकांना विचारले, एकमेकांना दाराआड विचारले.

शनिवारी दुकान बंद ठेवून बाइंडर धाकटीबरोबर प्रवेशाच्या रांगेत उभे राहिले. नाव यादीत लागल्यावर त्यांना आनंद झाला असे म्हणवत नाही. बायको सांगते, घरी येऊन ते नुसते आडवे झाले आणि बूट काढायचे विसरले.

पुढच्या आठवड्यात त्यांनी शिडी रिकामी केली, पोटमाळ्यावरून गाठोडे उतरवले, पुस्तके झटकली, ज्यांच्या शिवणीकडच्या पाठी गेल्या होत्या त्यांना नव्या पाठी लावल्या आणि पिशव्या भरून घरी नेली. धाकटीने बाबांचे तोंड पाहिले आणि पिशव्या उतरवून घेतल्या. थोरलीने एक उघडून पाहिले.

"बाबा, ही जुनी आवृत्ती. आता चालायची नाही."

"का? रसायनं तीच असतील ना?"

"रसायनं तीच. धडे बदललेत." आणि ती हसली. तोंडावर हात घेऊन, पण हसली.

परवा मी कागद घेऊन दुकानात गेलो. बाइंडर आता मोठ्याने बोलतात. कधी इतक्या मोठ्याने की गिऱ्हाईक मागे सरकते. केस पार पांढरे झाले आहेत. मुलींचे कसे चालले आहे, असे विचारले तेव्हा त्यांनी आधी चाक फिरवून यंत्र आवळले.

"थोरलीचं मध्ये पुन्हा बिघडलं होतं. नेमकं धाकटीच्या परीक्षेच्या तोंडावर. बायको हॉस्पिटलात, धाकटी अभ्यासात, मी इकडून तिकडे."

"मग?"

"मग काय. भीती जाते होय, साहेब? एक दिवस धाकटीला म्हणालो, मला वाटतं तू या वर्षी नकोच बसू. मोठ्यानेच म्हणालो. ती म्हणाली, 'बाबा, घाबरून झालं असेल तर माझा डबा द्या, बस जाईल.'"

"दिलात?"

"दिला. करतो काय."

थोरली पुन्हा घरी आली आहे. गोळ्या वाढवल्या आहेत, त्यामुळे दुपारी ती पेंगते. दुकानातल्या टेबलावर छापील कागदांचा एक ढीग पडला होता, त्यातले निम्मे घडी घातलेले, निम्मे तसेच. सगळ्यात वरचा कागद तर अर्धा दुमडून सोडून दिलेला.

"हे घरून आणलंय," बाइंडर म्हणाले. "हल्ली ती मध्येच टाकून उठते. 'दमले' म्हणते आणि जाऊन झोपते. आधी कधी उठायची नाही, ठेवून येतील या भीतीने."

त्यांनी स्टूल पुढे ओढले, लाकडी पट्टी हातात घेतली आणि तो अर्धा राहिलेला कागद आपल्याकडे घेतला.