उसनी डबी

कवठे महांकाळच्या स्टँडजवळ माझं औषधांचं दुकान आहे. तिथं एक प्रश्न मला रोज ऐकावा लागतो. गिऱ्हाईक डॉक्टरांची चिठ्ठी पुढं करतं, मी औषध काढतो, किंमत सांगतो, आणि मग मान जरा तिरकी करून ते विचारतं, "ह्यातलंच दुसऱ्या कंपनीचं न्हाई व्हय?" शहरातले दुकानदार अशा गिऱ्हाइकावर खेकसतात. मला मात्र हा प्रश्न आवडायचा, कारण उत्तर माझ्याकडं असायचंच. तीच गोळी, तेच औषध, फक्त पाकीट साधं आणि किंमत निम्म्याहून कमी. हे एवढं जमलं म्हणून ह्या कोरडवाहू तालुक्यात माझं दुकान चाललं, आणि त्याचा मला गर्व होता हे कबूल करायला हरकत नाही.

माझी थोरली बहीण आटपाडीला दिली होती. आम्ही तिला आक्का म्हणायचो. घासाघीस न करता तिनं एखादी वस्तू घेतल्याचं मला आठवत नाही. देवळापुढच्या नारळवाल्यालासुद्धा ती म्हणायची, "देवाला न्यायचाय, देवाच्या भावानं दे की." त्या भागातल्या कितीतरी घरांतले कर्ते पुरुष सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी देशभर पांगलेले असतात, त्याला गलाई म्हणतात. आक्काचा नवराही कोलकात्यात गलाईचं दुकान चालवायचा. तो गेल्यावर दुकान मुलाकडं आलं. आक्का मात्र आटपाडीतच राहिली, डाळिंबाच्या बागेपाशी. अर्धं आयुष्य तिनं नवऱ्याची वाट बघितली आणि उरलेलं मुलाची. पण तिला कधी कुणी रडताना पाहिलं नाही, आणि दुसऱ्याला रडूही ती देत नसे.

तिचा खोकला महिनाभर हटला नाही तेव्हा मी तिला मिरजेला नेलं. फुफ्फुसाचा कॅन्सर निघाला. जन्मात विडीला हात न लावलेल्या बाईला. डॉक्टर म्हणाले, रोज एक गोळी घ्यायची, तीस गोळ्यांची डबी येते. ही गोळी तिला चांगली लागू पडेल, कदाचित बरीच वर्षं मिळतील. मी चिठ्ठी खिशात घालून आक्काला दुकानात आणलं, स्टुलावर बसवलं आणि घाऊक विक्रेत्याला फोन लावला. किंमत ऐकून मी पुन्हा विचारली. एक डबी म्हणजे तिच्या डाळिंबाच्या अख्ख्या बहराच्या पट्टीचे पैसे.

आक्कानं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि माझ्या गिऱ्हाइकांसारखीच मान तिरकी केली. "दुसऱ्या कंपनीचं न्हाई व्हय रं?"

"न्हाई."

"तुज्या दुकानात न्हाई?"

"कुठंच न्हाई, आक्का. पेटंट हाय त्याच्यावर."

हा शब्द मी तिला समजावून सांगायला बसलो. पूर्वी आपल्या देशात औषध बनवायच्या रीतीवर पेटंट मिळायचं, खुद्द औषधावर नाही. दुसरा कुणी वेगळ्या रीतीनं तेच औषध बनवायला मोकळा असायचा. माझ्या दुकानातली निम्मी कपाटं त्याच मोकळीकीवर भरली होती. मग जगाच्या व्यापाराचा करार झाला, आपल्यालाही कायदा बदलावा लागला, आणि आता पेटंट औषधावरच मिळतं, वीस वर्षांचं. आक्का जरा विचार करून म्हणाली, "म्हंजे आदी तू तुज्या रीतीनं पुरनपोळी कर, मी माज्या रीतीनं करती, असं हुतं. आता एकीनं पुरनपोळी केली की गावात दुसऱ्या कुनी करायचीच न्हाई." मी म्हणालो, बरोबर. ती म्हणाली, "लय भुकेची हाय का रं ती बाई?"

मला हसू आलं आणि लगेच लाज वाटली. आजही मी त्या भुकेल्या बाईला सरसकट शिव्या देत नाही. ज्यांनी कुणी ती गोळी शोधली त्यांच्या मी पाया पडेन. डॉक्टर म्हणतात, खर्च भरून निघाला नाही तर पुढचं संशोधन कोण करणार, आणि त्यांचं खोटं नाही. पण खर्च कुणाच्या अंगातून भरून काढायचा, हे आटपाडीच्या बाईला विचारून कुणी ठरवलं नव्हतं. फार अडलं तर सरकारनं दुसऱ्या कंपनीला सक्तीनं परवाना द्यावा, अशी वाट त्याच कायद्यात ठेवलेली आहे. माझ्या माहितीप्रमाणे त्या वाटेनं आजवर एकच औषध आलं. कंपनीची गरिबांसाठी सवलतीची योजनाही होती. आक्काचं पक्कं घर आणि मुलाचं दुकान पाहून तिला त्यातून वगळलं.

मार्ग काढला तो भाच्यानं. कोलकात्याहून त्याचा फोन आला तेव्हा आक्का दुकानातच होती. "मामा, हीच गोळी बांगलादेशात बनती. लय स्वस्त. हितं आणून देनारी मानसं हायती."

"आरं पण पेटंट?"

"तिकडं लागू न्हाई. जगाच्या कायद्यात गरीब देशांस्नी सूट हाय म्हनं."

फोन स्पीकरवर होता. स्टुलावरून आक्का म्हणाली, "आनि आपुन?"

मी म्हणालो, "आपन त्या यादीत न्हाई, आक्का. आपन गरीब देश न्हाई."

"असं व्हय?" ती म्हणाली. "मग आपुन शिरीमंत कवा झालो, मला कुनी सांगितलं न्हाई ते."

भाचा तिकडून हसला, मीही हसलो. पुढं बरेच दिवस घरात काही मोडलं, सांडलं की आम्ही म्हणायचो, राहू दे, आपण श्रीमंत आहोत. आता ते कुणी म्हणत नाही.

गलाईवाले मौल्यवान वस्तू कुरिअरनं पाठवत नाहीत. गावाकडं निघालेल्या माणसाच्या हाती देतात, आणि तो ती अंगावर बाळगून, झोप न घेता आणतो. सोनं असंच येतं. गोळ्यांच्या डब्याही तशाच यायला लागल्या. पांढरी डबी, वर बंगाली अक्षरं. असलं औषध दुकानात ठेवलं असतं तर भिंतीवरचा परवाना गेला असता, म्हणून मी ते थेट आटपाडीला पोचवायचो. मिरजेचे डॉक्टर म्हणाले, "हे मी लिहून देऊ शकत नाही. पण घेताय तर एकही दिवस चुकवू नका." पहिली डबी संपेपर्यंत खोकला थांबला. आक्का पुन्हा बागेत जायला लागली, व्यापाऱ्यांशी भांडायला लागली. ते महिने फार सुखाचे होते, आणि ते मोजके आहेत हे मला कळत नव्हतं असंही नाही.

मग तिकडं बांगलादेशात गडबड उडाली, सरहद्दीवरची ये-जा बंद पडली. गोळ्या आणून देणाऱ्यानं फोन उचलायचं सोडलं. भाच्यानं कुठून कुठून दोन डब्या मिळवल्या आणि त्या पाठवून सांगितलं, ह्या शेवटच्या, पुढचं बघतो. दोन डब्या म्हणजे दोन महिने. तेवढ्यात काहीतरी होईल, पेटंटची मुदतही संपत आली आहे, असं मी स्वतःला समजावत राहिलो.

महिना उलटून काही दिवस झाल्यावर आटपाडीला गेलो तर आक्का खोकत होती. मी विचारलं, गोळी घेतीस न्हवं? म्हणाली, "सपली."

"दुसरी डबी?"

"दिली."

मला आधी कळेचना. "कुनाला दिली?"

"मिरजंला दवाखान्यात वळीत माज्या मागं बसायची एक. तुमच्या कवठ्याचीच, गाद्या भरनाऱ्याची बायकू. तिला बी हेच दुखनं. तिला गोळी आनून देनारं कुनी न्हाई. तिनं मागितली, मी उसनी दिली."

मी ओरडलो. बहिणीवर मी आयुष्यात तेवढा कधी ओरडलो नव्हतो. "आगं, औषध काय वाटीभर साखर हाय, उसनी द्यायला?"

ती खोकायची थांबली आणि शांतपणे म्हणाली, "मग काय सांगू तिला? माज्याकडं हाय, पन दुसऱ्याला द्यायची न्हाई, आसा कायदा हाय?"

मी उठून बागेत गेलो आणि डाळिंबाच्या झाडांत उभा राहून रडलो. त्या न पाहिलेल्या बाईचा मला इतका राग आला की तिचं तोंडही दिसू नये असं वाटलं.

बायकोच्या पाटल्या मोडून मी मूळ कंपनीची एक डबी आणली. आक्का त्या गोळ्या मुकाट्यानं घ्यायची, पण दुखणं तोवर पुढं गेलं होतं. डॉक्टर म्हणाले, काही वेळा गोळी चालू असतानाही असं होतं. हे वाक्य मी अजून धरून आहे. ती डबी कुणाला दिली नसती तर आक्का वाचली असती, असं मी म्हणत नाही, आणि नसती वाचली असंही मला म्हणता येत नाही. दिवाळीच्या आधी ती गेली. भाचा विमानानं आला तरी त्याला उशीर झाला.

उन्हाळा लागता लागता पेटंटची मुदत संपली. घाऊक विक्रेत्याच्या माणसानं नेहमीच्या मालासोबत यादी वाचून दाखवली, त्यात ते औषध होतं. एकदम तीन-चार कंपन्यांचं. किंमत ऐकून मी ह्या वेळीही पुन्हा विचारली. मग चार डब्या ठेवून घेतल्या आणि कपाटात मागच्या बाजूला सरकवल्या. कधी नाही ते दुपारी दुकान बंद करून घरी गेलो.

काही दिवसांनी एक बाई आली. डोक्यावर पदर, अंग वाळलेलं, बरोबर कुणी नाही. तिनं मिरजेची चिठ्ठी पुढं केली आणि मान तिरकी करून विचारलं, "दादा, ह्यातलं दुसऱ्या कंपनीचं न्हाई व्हय?"

मी चिठ्ठी वाचली. "हाय," म्हणालो.

"हीच न्हवं?" म्हणत तिनं पिशवीतून एक रिकामी डबी काढून काउंटरवर ठेवली. पांढरी डबी, वर बंगाली अक्षरं. "दोन-तीन दिस आड घिऊन लय दिस पुरवली. पुरी घेतली आसती तर बरं, डाक्टर लय बोलले. पन तेवढ्यावर हितपतूर आले."

इतके दिवस जपून ठेवलेला राग मी शोधला. सापडला नाही. समोर एक दमलेली बाई होती आणि ती जिवंत होती. मी डबी काढायला वळलो.

"एक न्हाई, दोन द्या," ती मागून म्हणाली. "एक माजी. एक आटपाडीच्या आक्कांची, उसनी आनलेली. त्या म्हनल्या हुत्या, माज्या भावाचं दुकान हाय स्टँडजवळ. तुमीच न्हवं का ते? त्यांच्याकडं पोचती करा, आनि सांगा, लय दिस ठिवून घेतली म्हनून रागावू नगा."

मी दोन डब्या काढल्या होत्या. एक तिच्यापुढं ठेवली. दुसरी हातातच राहिली.

"आक्का दिवाळीच्या आधीच गेली," मी म्हणालो.

ती तिथंच पायरीवर बसली. मी पाण्याचा तांब्या पुढं केला तर तिनं तो नुसता हातात धरला. रस्त्यावरून एसटी गेली, एक गिऱ्हाईक येऊन डोकावून परत गेलं. मग तिनं पदरानं तोंड पुसलं आणि माझ्या हातातल्या डबीकडं बघितलं.

"मग आता हे उसनं मी कुनाला परत करू, दादा?"

मी ती डबी परत कपाटात ठेवली आणि तिच्याजवळ पायरीवर जाऊन बसलो.