न कुरकुरणारी खुर्ची

संघमित्रा वाठोरेला खोटं बोलता येत नाही, असं चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत सगळे सांगत. ते तितकंसं खरं नव्हतं. तिला सफाईनं खोटं बोलता येत नसे, एवढंच. बोलायची वेळ आली की ती गप्प बसे, आणि गप्प बसण्याला आपल्याकडे कोणी खोटं म्हणत नाही. उलट शहाणपणा म्हणतात.

तिचे वडील अंबादास हिंगोलीकडून आलेले, जन्मभर टेम्पो चालवला. बोरिवलीला मागाठाण्याच्या एका खोलीत तीन मुली वाढवल्या आणि तिघींना एकच गोष्ट घोकून घोकून शिकवली: चढ-उतारावर गाडी उभी केली की आधी चाकाखाली दगड, मग चहा. धाकट्या दोघी शिक्षिका झाल्या, त्यांना दगडाचा काही उपयोग झाला नाही. थोरल्या संघमित्राला झाला. ती डिप्लोमा करून मोटर दुरुस्तीच्या गाळ्यात लागली, संध्याकाळच्या वर्गांना जाऊन इंजिनिअर झाली, आणि चौतिसाव्या वर्षी, लोक पोरांच्या शाळेसाठी रांगा लावतात त्या वयात, एम.ई.ला बसली. लग्न राहिलं ते राहिलंच. नातेवाइकांनी विचारायचं सोडलं तेव्हा तिला हायसं वाटलं.

देवदत्त सामंतांच्या गाळ्यात ती गेली सात वर्षं होती. साध्या चाकाच्या खुर्चीखाली बसवता येईल अशी मोटर, आणि हाताशी एक छोटी दांडी, असा जोड ते बनवत. दांडी पुढे केली की खुर्ची पुढे, सोडली की थांबली. ऐकायला सोपं. पण खुर्चीत बसणारं माणूस चाळीस किलोचं की नव्वदचं, मांडीवर नातवंड आहे की भाजीची पिशवी, फुटपाथवरचे पेव्हर ब्लॉक जागेवर आहेत की उखडलेत, हे मोटरला कोण सांगणार? आधीच्या जोडात प्रत्येक गिऱ्हाइकासाठी वेगळं गणित बसवावं लागे, आणि गिऱ्हाईक दिवाळीत दोन किलोंनी वाढलं की ते बिघडे.

संघमित्रानं तिथं स्लायडिंग मोड नावाचं तंत्र आणलं. तिचं म्हणणं असं की वजन किती, उतार किती, हे विचारूच नका. जास्तीत जास्त किती असेल तेवढं सांगा. चाकाचा वेग कसा असायला हवा याची एक रेषा ठरवा, आणि चाक त्या रेषेच्या जरा अलीकडे-पलीकडे झालं की पूर्ण जोरानं त्याला परत रेषेवर आणा. शाळेतल्या कडक बाईंसारखं. केसभर हललात तरी पट्टी. वडिलांना तिनं हे समजावलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे तुझी मोटर दर क्षणाला भांडते." ते अगदी बरोबर होतं. खुर्ची जागच्या जागी खिळल्यासारखी उभी राही, कसलंही वजन असो. पण सतत इकडून तिकडे ढकलल्यानं मोटर बारीक घरघरत राही.

गिऱ्हाइकांना ती घरघर खपेना. अंधेरीच्या एका बाईंना वाटे, आता जळणार. एकांनी विचारलं, खुर्चीत डास आहे का. देवदत्त वैतागले. "मित्रा, लोकांना शांत खुर्ची हवी गं. तुझं गणित एक नंबर आहे, पण कानाला त्रास आहे ना."

यावर उपाय पुस्तकात दिलेला असतो. रेषेच्या दोन्ही बाजूंना एक पट्टी आखायची. चाक पट्टीच्या आत असेल तोवर हळू ढकलायचं, बाहेर गेलं तरच पूर्ण जोर. पट्टी रुंद केली की घरघर जाते. संघमित्रानं ती रुंद केली, मग आणखी जरा रुंद केली, आणि खुर्ची मुकी झाली. देवदत्तांनी टाळ्या वाजवल्या. "झकास!"

त्याची किंमत काय, हे तिला ठाऊक होतं. सपाट जमिनीवर काही नाही. पण उतार सतत ओढत असतो, आणि पट्टीच्या आतलं ते हळू ढकलणं त्या ओढीला पुरं पडतं ते चाक किंचित फिरत असतानाच. म्हणजे थांबलेली खुर्ची खरं तर थांबलेली नसते. ती डोळ्याला दिसणार नाही इतकी सरकत असते. किती, ते पट्टीवर अवलंबून.

ते तपासायची गाळ्याची एक रीत होती. माल चढवायच्या उतारावर वाळूची पोती लादून खुर्ची उभी करायची, चाकाच्या उताराकडच्या अंगाला दोन बोटं अंतर सोडून लाकडी ठोकळा ठेवायचा आणि चहाला जायचं. ठोकळा ही अंबादासची शिकवण. खुर्ची सुटलीच तर अडेल. चहा पिऊन आलं आणि दोन बोटांची फट तशीच असली, की खुर्ची पास. सात वर्षं फट तशीच असे.

त्या दिवशी फट नव्हती. चाक ठोकळ्याला टेकलेलं होतं. संघमित्रा बघत राहिली. आपण घाईत ठोकळा चिकटवूनच ठेवला असेल का? तिनं तसं कधीच केलं नव्हतं. मागे एक टेम्पो हॉर्न वाजवत होता, त्याला उतार रिकामा हवा होता. वरून देवदत्तांनी विचारलं, "हलली का गं?"

"नाही सर."

दोनच शब्द. एकतीस खुर्च्या त्या शब्दांवर बाहेर गेल्या.

त्यातली एक मुलुंड पूर्वेला नंदकुमार गुप्त्यांकडे गेली. पाणी खात्यात नकाशे काढण्यात हयात घालवलेला माणूस, वय एकाहत्तर, सहा वर्षांपूर्वी पाय गेलेले. या खुर्चीमुळे ते रोज सकाळी एकटे इमारतीच्या रॅम्पवरून खाली येत आणि कोवळ्या उन्हात थांबत. हातानं लावायचा ब्रेक होता, पण "दांडी सोडली की खुर्ची तिथंच" असं देवदत्तांनीच सांगितल्यावर तो लावणार कोण? जानेवारीतल्या एका सकाळी ते रॅम्पवर डोळे मिटून ऊन खात बसले होते. रॅम्प जिथं वळतो तिथं खुर्ची वळली नाही, सरळ कडेवरून खाली गेली. त्यांचं उजवं मनगट मोडलं. डोकं वाचलं ते केवळ नशिबानं.

गुप्ते स्वतःच म्हणाले, माझाच हात दांडीला लागला असणार, डुलकी लागली होती. घरचेही तेच धरून चालले. कोणी तक्रार केली नाही. वाकलेलं चाक सरळ करायला खुर्ची तेवढी चारकोपला आली.

संघमित्रानं खुर्चीच्या मेमरीत साठलेले आकडे लॅपटॉपवर उतरवले. दांडी मधोमध होती. कोणाचाही हात लागलेला नव्हता. आणि चाक चार मिनिटं, एका लयीत, मुंगीच्या चालीनं फिरत होतं. दोन बोटांची ती नसलेली फट तिला आत्ता समोर दिसत होती.

तिनं देवदत्तांना सगळं दाखवलं. ठोकळ्याचंही सांगितलं. ते वाईट माणूस नव्हते, घाबरट होते. घाम पुसून म्हणाले, "आधी सगळ्या खुर्च्या नीट कर. लोकांना सांग, नवीन अपडेट आहे. पण हे बाहेर काढू नकोस, आपली वाट लागेल. ते स्वतःच म्हणतायत ना हात लागला? मग झाकली मूठ सव्वा लाखाची."

मग संघमित्रा घरोघर फिरली. कांदिवली, अंधेरी, घाटकोपर, होडीत बसून गोराईला सुद्धा. प्रत्येक खुर्चीतली पट्टी अरुंद केली, घरघर परत आणली, लोकांची बोलणी खाल्ली. बोलणी खाताना तिला बरं वाटे, हे तिचं तिलाही विचित्र वाटलं. मुलुंडची खुर्ची तिनं शेवटी ठेवली. आधी सगळे सुरक्षित होऊ देत, असं ती स्वतःला सांगत होती. कारण चांगलं होतं, म्हणूनच ते इतके दिवस पुरलं.

शेवटी ती खुर्ची घेऊन गुप्त्यांकडे पोचली तेव्हा त्यांच्या बायकोनं, सुनंदाकाकूंनी, चहा दिला आणि हळूच विचारलं, "हिला कुलूप बसवता येईल का गं? आम्ही चालू केल्याशिवाय चालायलाच नको."

"माझी किल्ली काढून घेतायत बघ," नंदकुमार पलंगावरून हसले. उजवा हात प्लास्टरमध्ये होता. बोलणं जरा जड येत होतं. "आमच्या मुकुलनं डॉक्टरकडे नेलं मला. डोक्याच्या. कागदावर घड्याळ काढून दाखवा म्हणाले. मी! जन्मभर नकाशे काढले मी. काढलं की. तरी म्हणाले, विसरण्याची सुरुवात असू शकते, लक्ष ठेवा. गोळ्या दिल्यात. दिवसभर झापड येते."

"हाताला कळत नाही त्यांच्या, कधी काय धरलंय ते," काकू म्हणाल्या. "मुकुल म्हणतो, आता एकटं सोडायचंच नाही."

संघमित्रानं कप खाली ठेवला. तिनं घरून दोन-तीन वाक्यं जुळवून आणली होती, त्यातलं एकही आठवेना.

"काका, तुमचा हात लागला नव्हता."

मग तिनं सगळं सांगितलं. घरघर, पट्टी, उतार, ठोकळा, देवदत्तांना दिलेलं उत्तर. लॅपटॉप उघडून दांडीची सरळ रेषा दाखवली. नंदकुमारांनी बोटानं ती रेषा गिरवली. काकूंनी मुलाला फोन लावला, स्पीकरवर टाकला, आणि संघमित्राला सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगायला लावलं.

मुकुलनं सगळं ऐकलं. मग म्हणाला, "म्हणजे बाबांना काहीच झालेलं नाही? मी त्यांना त्या डॉक्टरकडे… तुम्हाला हे कळलं कधी?"

"दहा दिवस झाले."

पलीकडून तो जे बोलला ते ऐकून घेण्यासारखंच होतं, आणि तिनं ऐकून घेतलं. केस करीन म्हणाला, कंपनी बंद पाडीन म्हणाला. ती प्रत्येक वाक्याला "हो" म्हणत होती. शेवटी काकूंनीच फोन बंद केला.

नंदकुमारांनी डाव्या हातानं लॅपटॉप मिटला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज शांत होता.

"रोज सकाळी, ही उठायच्या आत, मी मनातल्या मनात एकोणतीसचा पाढा म्हणतो. डोकं जागेवर आहे का बघायला. एकदाही चुकलो नाही. आणि तरी रोज सुरू करताना वाटायचं, आज चुकणार." त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "लगेच आली असतीस तर दहा वेळा तरी कमी म्हणावा लागला असता गं."